शिवणीतली माया

आमच्या घरी हिशेबाची वही मी ठेवते. दूध, किराणा, गॅस, मुलांची फी आणि गाडी आल्यापासून डिझेल. ह्या वहीवरून आमचे हे माझी कायम थट्टा करतात. "हिच्या वहीत मुंगीसुद्धा साखरेचा दाणा नेताना सापडेल," असं आल्यागेल्याला सांगतात. मुंगी काही अजून सापडली नाही, पण २०२५ च्या मार्च महिन्यात ह्याच वहीत आमचे हेच सापडले!

त्याचं असं झालं. आमच्याकडे स्विफ्ट गाडी आहे, डिझेलवरची, २०१४ सालची. २०१८ मध्ये आम्ही ती जुनी घेतली. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच, एकतिसाव्या वर्षी. सुरुवातीला कऱ्हाडच्या बाजारपेठेतून जाताना हातापायाला घाम फुटायचा. पण मी ज्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते ती गावाबाहेर नऊ किलोमीटरवर. एसटीच्या वेळा जुळेनात, तेव्हा धीर करून शिकले. आता आठवड्यातले चार दिवस गाडी माझ्याच हातात असते. हे साखर कारखान्याच्या ऑफिसात आहेत. त्यांना न्यायला सहकाऱ्यांची गाडी येते.

आदल्या दिवाळीत पुण्याचे भाऊजी आले होते. भाऊजींना गाड्यांचं भारी वेड. फराळाची ताटं पुढ्यात, आणि दोघा भावांचं बोलणं काय तर इंजिनाचं! मी चकल्या तळता तळता ऐकत होते. भाऊजी सांगत होते, "दादा, तुझ्या गाडीतलं इंजिन मूळचं फियाटचं. मल्टिजेट म्हणतात त्याला. १२४८ सीसी. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत हेच. तुझ्या गाडीत ते ७५ पीएसवर बांधून ठेवलंय, आणि हेच इंजिन दुसरा टर्बो लावून दुसऱ्या गाड्यांत ९० देतं. म्हणजे ताकद आहे, नुसती झोपलीय. जागी करायची!"

ह्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं मला स्वयंपाकघरातून दिसलं. पण मुलांनी अनार लावला, मी तिकडे धावले, आणि विषय तिथंच राहिला, असं मला वाटलं.

संक्रांतीनंतर हे कामानिमित्त गाडी घेऊन पुण्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर गाडी निराळीच. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की अशी काही उसळायची की पाठ सीटला चिकटावी! जानेवारी म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. एरवी त्यांच्या मागे रांगत जायचं. त्या दिवशी मोकळा रस्ता बघितला, पाय दाबला, आणि बघता बघता ट्रॉल्या मागे. खोटं कशाला सांगू? मला ते फार आवडलं. शाळेत पोचले तेव्हा मी गाणं गुणगुणत होते. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "सर्व्हिसिंग छान केलंय हो ह्या वेळी!" हे नुसते हसले.

आता वहीची गोष्ट. गाडीच्या काचेखाली जो छोटा पडदा असतो त्यावर गाडी लिटरला किती चालली हे दिसतं. पण माझा त्यावर विश्वास नाही. मी टाकी काठोकाठ भरते, किलोमीटर लिहून ठेवते, आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागलं ते बघते. वाणसामानाचा डबा भरताना आपण बघतो ना, तसंच. इतकी वर्षं पडदा आणि वही ह्यांत अर्ध्याएक किलोमीटरचा फरक असायचा. पडदा साडेवीस म्हणायचा, वही वीस म्हणायची. फेब्रुवारीपासून मात्र पडदा एकवीसच्या वर जाऊ लागला आणि वही उतरू लागली. मार्चमध्ये ५६० किलोमीटरला ३२ लिटर लागलं. म्हणजे साडेसतरा! लिटरला नव्वदच्या घरात भाव. मला वाटलं, पंपावर फसवताहेत. पंप बदलला. तरी तेच.

त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी तास संपल्यावर माझ्यापाशी आली. सायकलवरून येते ती. चाचरत म्हणाली, "बाई, रागावू नका. तुमची गाडी पुढं गेली की लई काळा धूर येतो. खोकला लागतो." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. फळ्यावर पर्यावरणावरचा निबंध मीच लिहून दिला होता, आणि माझ्याच गाडीचा धूर त्या पोरीच्या छातीत!

घरी येऊन काचेवर मारायच्या पाण्याची टाकी भरायला म्हणून बॉनेट उघडलं. तर इंजिनाच्या बाजूला एक काळी डबी, तळहाताएवढी, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली. तिच्यातून निघालेल्या वायरी इंजिनात गेलेल्या. मी सात वर्षं ते बॉनेट उघडतेय. ही डबी माझ्या ओळखीची नव्हती.

रात्री मुलं झोपल्यावर वही आणि डबीची गोष्ट दोन्ही ह्यांच्यापुढं ठेवल्या. हे आधी उडवाउडवी करू लागले, मग गप्प झाले, मग सगळं सांगितलं. पुण्यात एका दुकानात ती बसवून घेतली होती. बावीस हजार रुपये! मला कळू नये म्हणून ऑफिसातल्या पतपेढीतून काढलेले.

ती डबी काय करते हे मी त्यांच्याकडूनच समजावून घेतलं, आणि नंतर स्वतःही वाचलं. मैत्रिणींनो, अवघड काही नाही. आताच्या डिझेल इंजिनात डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली साठवतात आणि तिथून बारीक तोंडाच्या इंजेक्टरमधून फवारतात. आपल्या कुकरात शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक बारच्या आसपास जास्त असतो. ह्या नळीतला दाब हजार बारच्याही वर जातो. तो किती आहे हे एक सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सतत कळवत असतो. ही डबी त्या दोघांच्या मधे बसते. सेन्सर म्हणतो, "हजार." डबी कॉम्प्युटरला सांगते, "नऊशेच आहेत हो." कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो. दाब वाढला की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं, आणि गाडी उसळते. पण कॉम्प्युटरला ह्या जादा डिझेलचा पत्ताच नसतो, म्हणून पडद्यावरचा हिशेबही खोटा पडतो. माझी वही आणि पडदा ह्यांचं भांडण लागलं होतं ते ह्यामुळं.

दुसरी एक रीत आहे तिला रिमॅप म्हणतात. तिच्यात डबी नसते. लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरच्या आतली आकड्यांची कोष्टकंच बदलतात. किती डिझेल, कधी फवारायचं, टर्बोने किती हवा दाबायची, सगळं. जाणकाराने एकेका गाडीचं मोजमाप घेऊन केलं तर ते डबीपेक्षा बरं, असं म्हणतात. जर्मनीसारख्या देशात तर असे बदल अधिकृत तपासनिसाकडून तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात. आमच्या डबीची नोंद कशातच नव्हती, पतपेढीचं कर्जखातं सोडून!

आणि धूर? डिझेल जळायला हवा लागते. डिझेल वाढवलं आणि हवा त्या मानाने पुरली नाही की उरलेल्याची काजळी होते. चुलीत एकदम खूप लाकडं कोंबल्यावर होतं तेच. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला ती सायकलवाली पोर आठवली.

"मग पीयूसीचं काय?" मी विचारलं. हे खाली मान घालून म्हणाले, "दुकानदार म्हणाला, पीयूसीच्या दिवशी डबी काढून ठेवायची. सर्व्हिसिंगला नेतानाही काढायची." मला एकदम राग आला. परीक्षेला येताना कॉपी मोज्यात लपवणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते, आणि माझ्या घरात हे?

विमा करून देणारे काका एप्रिलमध्ये नूतनीकरणाला आले. त्यांना मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, गाडीत काहीही बदल केला तर विमा कंपनीला लेखी कळवायचा. न कळवता अपघात झाला, आणि तपासणाऱ्याच्या नजरेला ते पडलं, तर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं." कायद्याचंही त्यांनी सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं, आणि त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, प्रसंगी कैदसुद्धा, सांगितली आहे.

एवढं सगळं कळल्यावर डबी त्याच दिवशी निघायला हवी होती. ती निघाली नाही, आणि ह्यात माझाही दोष आहे. मे महिन्यात माझ्या माहेरी, चिपळूणला जायचं होतं. वाटेत कुंभार्ली घाट. गाडीत आम्ही चौघं आणि सासूबाई. हे म्हणाले, "एवढी ट्रिप होऊ दे, मग काढतो." आणि मीही म्हणून बसले, "बरं, घाटात तेवढंच बरं पडेल." त्या उसाच्या ट्रॉल्या मागे टाकायची चटक मलाही लागली होती ना!

जाताना उतार, काही कळलं नाही. चार दिवस आईकडे आंबे, फणस, गप्पा. परतताना आईने डिकी भरून दिली. हापूसच्या दोन पेट्या, बरका फणस, कोकमं, तांदळाची अर्धी गोणी. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळू लागला होता. पोफळी सोडून घाट चढायला लागलो तेव्हा ढग अगदी रस्त्यावर उतरले होते. हे चालवत होते. पुढं एक भरलेला ट्रक. तिसऱ्या गिअरमध्येच ह्यांनी पाय दाबला, डबीच्या भरवशावर. इंजिन जोरात गुरगुरलं, आकड्याचा काटा सर्रकन वर गेला, पण गाडी? गाडी पुढं जाईना! पुन्हा दाबलं. इंजिनाचा आरडाओरडा आणि गाडी गोगलगाय. मग तो वास आला. चामडं जळावं तसा उग्र, घशात बसणारा.

वळणाच्या अलीकडेच गाडी थांबली. पहिला गिअर टाकून बघितला तरी हलेना. ब्रेक जरा सैल केला तर मागं सरकायला लागली. मागच्या वळणावरून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. तो एक क्षण मी जन्मात विसरायची नाही. मी मुलाला ओरडले, "उतर, दगड लाव चाकाला!" तेरा वर्षांचं पोर, धुक्यात उतरून दोन्ही हातांनी दगड उचलून त्याने चाकामागं ठेवला. एसटीच्या ड्रायव्हरने वेळेत बघितलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते लिहायला नको.

ह्यांनी बॉनेट उघडून डबी उपटून काढली आणि मूळची वायर जोडली. पण उपयोग नव्हता. क्लच जळून गेला होता. इंजिन आणि चाकं ह्यांच्यात हात धरणारा असतो तो क्लच. १९० न्यूटन मीटरची ओढ पेलायला तो बनवलेला, वर थोडी सवड. डबीवाल्याने २४० होईल म्हणून सांगितलं होतं. इंजिनाची ताकद वाढवली, पण ती पुढं पोचवणारा हात तोच, तोही अकरा वर्षांचा, ९५ हजार किलोमीटर चाललेला. तो निसटू लागला, घासून तापला, आणि तापला की आणखीच निसटतो. आणि थांबवणारे ब्रेक? तेही जुनेच. ह्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

कठड्याजवळ प्लॅस्टिकचा कागद अंगावर घेऊन आम्ही बसलो होतो. सासूबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली, त्यावर दोन मुलं शिकवली. त्यांनी ह्यांना शांतपणे विचारलं, "कंपनीनं एवढी ताकद ठेवली होती तर दिली का नाही पहिल्यापासून?" ह्यांना उत्तर देता येईना. सासूबाईच म्हणाल्या, "अरे, माया ठेवली असेल त्यांनी. पोलकं शिवताना आपण शिवणीत बोटभर माया सोडतो ना? ती काय कापड जास्त झालं म्हणून सोडतो? बाई बाळंत होते, अंगानं भरते, कापड आटतं. तेव्हा उसवायला जागा हवी म्हणून. तुम्ही नवं पोलकंच माया उसवून घालायला घेतलंत. मग फाटलं तर दोष कुणाचा?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. नंतर वाचताना कळलं की सासूबाई शब्दाशब्दाने बरोबर होत्या. कंपनी गाडी बनवते ती एकाच रस्त्यासाठी नाही. राजस्थानातल्या उन्हाळ्यात, काश्मीरच्या थंडीत, भेसळीच्या डिझेलवर, वेळेवर तेल न बदलणाऱ्या मालकाच्या हातात, पाच माणसं आणि तांदळाची गोणी घेऊन घाट चढताना, सगळीकडे ती टिकावी म्हणून थोडी ताकद हातची राखून ठेवलेली असते. टर्बोचं पातं मिनिटाला लाखभर फेरे मारतं. त्याला किती उष्णता सोसायची हे ठरवूनच आकडे बसवलेले असतात. ती राखीव ताकद झोपलेली नसते. ती राखण करत असते.

एका पिकअपवाल्याने टोचन करून आम्हाला घाटमाथ्यावर हेळवाकपर्यंत आणलं. पुढं दुसरी गाडी करून रात्री अकराला घरी पोचलो. आंब्यांची एक पेटी त्या पिकअपवाल्याच्या पोरांना दिली. तो पैसे घेईना म्हणून.

कऱ्हाडच्या मिस्त्रींनी क्लच उघडून दाखवला. प्लेट काळीठिक्कर, आणि ती जिच्यावर बसते ती लोखंडी चकती तापून निळी पडलेली. गाडी आणण्याचा खर्च धरून बिल झालं एकवीस हजार. हे डोकं धरून बसले. पतपेढीचा हप्ता चालू, महिनाअखेर, जूनमध्ये मुलांची फी. तेव्हा मी आत गेले आणि तांदळाच्या डब्यातली पिशवी काढून आणली.

आता माझं लपवलेलं सांगते. त्या पिशवीत चाळीस हजार होते. दोन वर्षं संध्याकाळी शिकवण्या घेऊन साठवलेले. मी नुसती बी.ए. आहे. शाळेत मला सांगितलंय, बी.एड. करा, मग पूर्णवेळ बघू. मी शाळेतल्या मैत्रिणीबरोबर जाऊन गुपचूप सीईटी दिली होती. प्रवेश मिळाला की फी भरायची, आणि मगच घरी सांगायचं, असं ठरवलं होतं. "ह्या वयात कशाला?" हे ऐकायची माझी तयारी नव्हती म्हणून. त्यातले एकवीस हजार मिस्त्रींच्या हातावर ठेवले आणि त्या वर्षीचं बी.एड. तिथंच संपलं.

हे त्या रात्री कितीतरी वेळ गच्चीत बसले होते. मी गेले तर म्हणाले, "तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत?" मग दोघंही गप्प. थोड्या वेळाने हेच म्हणाले, "त्रेचाळीस वर्षं झाली. एकाच टेबलावर सतरा वर्षं बसतोय. वाटलं, एक तरी गोष्ट आपल्या हातात अशी असावी की पाय दाबला आणि पुढं गेली." माझा राग कुठल्या कुठं गेला. कारण मी तरी ती पिशवी कशासाठी भरत होते? मलाही पुढंच जायचं होतं. फक्त दोघांनी एकमेकांच्या मधे एकेक डबी बसवली होती. आकडा एक, आणि सांगायचं दुसरंच.

ती काळी डबी आता माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. भाऊजी म्हणाले, विकून टाक, दहा हजार तरी येतील. ह्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या घाटात ती जायला नको. तांदळाच्या डब्यातली पिशवी मात्र आता बाहेर कपाटात असते. तिच्यात दर महिन्याला तीन हजार हे टाकतात आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहितात. मी पुन्हा सीईटीच्या अभ्यासाला बसले आहे. मुलगा रात्री माझे प्रश्न घेतो, आणि चुकले की बाईंसारखा रागावतो!

शेवटी चार गोष्टी सांगते, तुमच्या घरीही कुणाच्या डोक्यात हे वेड शिरलं असेल तर उपयोगी पडतील. गाडी ओढत नाही असं वाटलं की आधी साध्या गोष्टी बघा. हवेचा फिल्टर धुळीने भरलाय का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, ब्रेक घासतोय का, इंजेक्टर आणि टर्बोच्या नळ्या ठीक आहेत का. आमच्या गाडीचा फिल्टर मिस्त्रींनी झटकला तर त्यातून मूठभर माती निघाली. साध्या फिल्टरनेच गाडीला केवढा तरी हुरूप आला! तरीही कुणाला ताकद वाढवायचीच असेल तर त्याला विचारा: क्लच, ब्रेक, टायर तेवढे पेलतील का? कायद्यात बसेल का, आणि विमा कंपनीला लेखी कळवणार का? धूर मोजून दाखवणार का? आणि ही गोष्ट पीयूसीवाल्यापासून, मिस्त्रीपासून, बायकोपासून लपवावी लागणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर बाकीचे विचारायची गरज नाही. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी गाळणीही असते. धूर वाढला की ती तुंबते, आणि मग दुकानदार तीच काढून टाका म्हणतो. ते तर मुळीच ऐकू नका.

परवा पुन्हा कुंभार्ली घाट चढलो. ह्या वेळी मी चालवत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, भरलेल्या ट्रकच्या मागून, आरामात. मागून सासूबाई म्हणाल्या, "हळूच चाललीय की ग." मी म्हटलं, "हो आई, माया ठेवून चाललेय."